शुद्ध चाळीस नंबर

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या व्याह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर चहा सांडला, आणि त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटलं. तशी आमच्या घरातली बहुतेक खापरं माझ्याच डोक्यावर फुटतात. पण हे मात्र मी स्वतः हातानं आणून फोडून घेतलं.

तर, मी रेल्वेच्या डिझेल शेडमधून रिटायर झालो. शेडमधून म्हणजे शेडच्या ऑफिसातून. माझ्याकडे रजा आणि पासांचं टेबल होतं. कोणाची रजा शिल्लक आहे, कोणाला सासुरवाडीला जायला पास पाहिजे, ते सगळं मला तोंडपाठ. इंजिनं यार्डाच्या पलीकडे असायची. तिकडे मी वर्षातून एकदा जायचो, विश्वकर्मा पूजेला, बुंदीचा प्रसाद घ्यायला.

पण हिंदी मुलखातल्या आमच्या पुरानी बस्ती मोहल्ल्यात एवढा तपशील कोण विचारतो? "कुठं असता?" "डिझेल शेडला." झालं, त्या दिवसापासून मी सगळ्या गल्लीचा डिझेल काका. कोणाचा जनरेटर बंद पडला, बोलवा काकांना. कोणाची मोटरसायकल धूर सोडते, बोलवा काकांना. मी जायचो, कान लावून ऐकायचो, कपाळाला आठ्या घालायचो आणि म्हणायचो, "कचरा आला असेल."

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडच्या मशिनीत दुसरं काय येणार? मेकॅनिक उघडायचा तर बहुतेक वेळा कचराच निघायचा. माझी कीर्ती वाढत गेली. खरं काय ते घरात फक्त बायकोला माहीत होतं, आणि ती चारचौघांत गप्प बसायची. चारचौघांत, बरं का.

आमच्या शेजारच्या घरात माझा थोरला भाऊ राहतो. त्याची मुलगी मयुरी. कॉमर्स केलं, एका कुरिअरच्या ऑफिसात मान मोडून काम केलं आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली, नोकरी सोडली. आरंगकडच्या शेतकऱ्यांकडून भाजी उचलायची आणि शहरातल्या होस्टेलांच्या मेसला पोचवायची, असा तिचा बेत होता. त्यासाठी तिनं एक जुनी डिझेल पिकअप पाहून ठेवली होती. चालवायलाही शिकून आली होती, आम्हाला कोणाला पत्ता न लागू देता.

दादाचा पारा चढला. "पोट्टी ट्रक चालवीन अन् मी काय दारात उभा राहून पाहू? अन् रस्त्यात बंद पडली तं? कोन पाहीन?"

"पापा, बंद पड़ेगी तो बनवा लूँगी। सबकी पड़ती है।" मयुरीला मराठी सगळं समजतं, पण तोंडून हिंदीच निघतं. आमच्याकडच्या सगळ्याच पोरांचं तसं आहे.

दादा मान हलवत राहिला. मयुरीचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवत होती. मला राहवलं नाही. मी तोंड उघडलं.

"दादा, तू काहून एवढा घाबरून राहिला? डिझेल गाडी आहे. मी आहो ना."

दादानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू घेशीन गाडीची जबाबदारी?"

"घेतली."

"मंग ठीक. पन पयल्या आठ दिवसात गाडीनं दगा देल्ला, तं गाडी विकाची अन् पोट्टीनं गुपचाप नोकरी पाहाची. मंजूर?"

"मंजूर," मयुरी म्हणाली, आणि माझ्याकडे पाहून अशी हसली की मला आपण फार मोठे आहोत असं वाटलं. घरी गेलो तर बायको पोळ्या लाटत होती. भिंतीपलीकडून तिनं सगळं ऐकलं होतं.

"अहो, घरच्या स्टोव्हची पिन कोन मारत होतं? मीच ना?" एवढंच म्हणाली आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

गाडी आली. जुनी, पण दणकट. मयुरीनं ती धुऊन पुसून लख्ख केली आणि पहिला प्रश्न मला विचारला. "काका, इसमें कौनसा तेल पड़ा है पता नहीं। काम शुरू करने से पहले बदल देते हैं। कौनसा डालूँ? मैंने पूछा था, सब पंद्रह-चालीस बोल रहे हैं।"

तिला उत्तर मिळालेलंच होतं, हे लक्षात घ्या. मी फक्त मान डोलवायची होती. पण मान डोलावली तर डिझेल काका कसला?

"लोकांचं कायले ऐकतं? मी पाहून सांगतो," म्हणालो.

पाहणार कुठून? मला आठवला मेश्राम. आमच्या शेडमधला नावाजलेला फिटर, आता रिटायर होऊन गोंदियाला असतो. इंजिनाच्या पोटात हात घातला की दुखणं सांगायचा. पण त्याला सरळ विचारायचं कसं? 'माझ्या पुतणीच्या पिकअपमध्ये कोणतं तेल घालू,' असं विचारलं असतं तर त्यानं आधी मला तेलातलं काय कळतं ते काढलं असतं, आणि मग ते निम्म्या गोंदियाला सांगितलं असतं. म्हणून मी अगदी सहज, हवापाण्याच्या गप्पांत विषय घुसवला.

"काय रे मेश्राम, आपल्या डिझेलमध्ये कोणतं ऑइल टाकत होतो आपन?"

"आपन" हा शब्द मी मुद्दाम घातला होता.

"चाळीस नंबर," तो फटकन म्हणाला. "सिंगल. दुसरं काही नाही. आजकालचं आपल्याले मालूम नाही, पन त्या तेलावर आपल्या इंजिनानं जिंदगी काढली."

"अन् बदलाचं कवा?"

"बदलाचं कायले? रोज पाहाचं, कमी दिसलं का टाकाचं."

वा! फोन ठेवला आणि तडक टाटीबंधला गेलो. तिथे ट्रकांची सगळी दुनिया भरलेली असते, एका दुकानात फळीवर तेलाचे डबे रांगेनं मांडलेले होते. दुकानदार म्हणाला, "पिकअप में पंद्रह-चालीस ले जाओ अंकल।"

पुन्हा तेच पंधरा-चाळीस. आणि तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पंधरा-चाळीस म्हणजे थोडं पंधरा आणि थोडं चाळीस. जाड तेलात पातळ घालून वाढवलेलं. आपला दूधवाला काय वेगळं करतो? मी मनात म्हटलं, बेट्या, पाणी घातलेलं दूध मला विकतोस?

"शुद्ध चाळीस द्या," मी म्हणालो. "बिना मिलावट का."

तो चक्रावला. "अंकल, वो तो पुराने जनरेटर वाले ले जाथें। पिकअप में..."

"मैं डीज़ल शेड में था।"

त्यानं हात जोडले आणि डबा पुढे केला. मी ते हात जोडणं आदराचं समजलो.

मयुरीनं डबा फिरवून फिरवून पाहिला. "काका, इसमें पंद्रह तो कहीं लिखा ही नहीं।"

"म्हणून तं आणलं."

तिनं डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "आप बोल रहे हो तो ठीक है।" ते वाक्य मला अजून टोचतं. तिला शंका होती, पण दादासमोर तिच्या बाजूनं मीच उभा राहिलो होतो ना. तिनं जुनं तेल काढलं आणि माझं शुद्ध चाळीस आत ओतलं.

दुपारच्या उन्हात गाडी बुढा तालाबाला चक्कर मारून आली, एकदम मख्खन. दादानंसुद्धा मान हलवली, या वेळी वरखाली. मी चहात दोन चमचे साखर जास्त घालून घेतली.

पहिलं काम मिळालं ते एका होस्टेलचं. मेसवाल्यानं सांगून ठेवलं होतं, सकाळी सातला भाजी गेटवर पाहिजे, पहिल्याच दिवशी उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी येऊ नका. आदल्या संध्याकाळी मयुरीनं आरंगहून गाडी भरून आणली. टमाटर, भाटे म्हणजे आपली वांगी, लाल भाजी, कोबी. गाडी गल्लीत उभी राहिली, वर ताडपत्री. आणि त्याच रात्री थंडीनं कडाका धरला.

सकाळी अजून नीट उजाडलंही नव्हतं. वहिनीनं गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. दादा शाल आणि कानटोपी घालून ओट्यावर उभा. मयुरीनं चावी फिरवली.

घर्र... घर्र... घ.

"पुन्हा मार," मी म्हणालो.

घर्र... घ.

तिसऱ्या खेपेला नुसतं टक वाजलं. जुन्या बॅटरीनं हात टेकले. गल्लीतली दारं उघडायला लागली, शेजारपाजारचे लोक शाली गुंडाळून बाहेर आले. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी बोनट उघडलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "कचरा आला असेल."

"नवीन तेलात?" दादानं ओट्यावरून विचारलं.

मी तेल मोजायची दांडी काढली. तेल तिच्यावरून गुळाच्या पाकासारखं ओघळत होतं, सावकाश, कुठलीही घाई नसल्यासारखं. मयुरी स्टीयरिंग धरून बसली होती. सातला फार वेळ उरला नव्हता. मी मेश्रामला फोन लावला. कानटोपीतून नीट ऐकू येईना म्हणून स्पीकर चालू केला. आजवरच्या मूर्खपणांत हा पुन्हा वेगळा.

"मेश्राम, ते चाळीस नंबर टाकलं, पन गाडी उठून नाही राहिली रे."

"किती टाकलं?"

"सात लिटर."

"सात?" मेश्राम झोपेतून पुरता जागा झाला. "अबे, हजारेक लिटर लागते. सातमंदी काय होते? कोनत्या इंजिनात टाकलं तू?"

"पिकअपच्या."

मग तो म्हणाला, आणि साऱ्या गल्लीनं ऐकलं, "अरे बाबा, मी रेल्वेचं इंजिन सांगून राहिलो तुले. त्याचं तेल भाजीच्या गाडीत टाकलं काय? अन् तू कवापासून या तेलपान्यात पडला बे? तू तं रजा-पासवाला."

कोणी हसलंही नाही, ते तर आणखीनच वाईट. बायकोनं दारात पदर तोंडाला लावला होता. मी दादाकडे पाहायचं टाळत होतो, कारण गाडीनं पहिल्याच दिवशी दगा दिला होता आणि अट मला पाठ होती. त्या पोरीचं सगळं माझ्या बढाईपायी जाणार, असं वाटून मला रडायला यायचं बाकी होतं.

तेवढ्यात मयुरीनं काच खाली केली. "पापा, काका को बाद में डाँट लेना। पहले धक्का लगाओ।"

दादा ओट्यावरून उतरला. शाल काढून वहिनीच्या हातात दिली. गाडीच्या मागे गेला आणि दोन्ही तळवे फाळक्यावर टेकवले. मग शेजारचे साहूजी आले, "हव भैया, चलव," म्हणत त्यांचे दोघे भाऊ आले. मीही एका कोपऱ्यात खांदा लावला. मला कोणी हाकललं नाही, हेच खूप.

भरलेली गाडी म्हणजे काय वजन असतं, ते मला त्या दिवशी कळलं. पण आमची गल्ली तलावाकडे उतरते. गाडी आधी सरकली, मग चालायला लागली, आणि उताराच्या शेवटी मयुरीनं गिअर टाकला. गाडीनं एक हिसका दिला, काळा ढग सोडला आणि सुरू झाली.

"थांबवू नोको, थांबवू नोको!" दादा ओरडत पळत होता. त्याला असं पळताना मी शाळेनंतर पहिल्यांदा पाहत होतो. तसाच दार उघडून आत चढला आणि दोघं निघून गेले. काळा ढग आम्ही उरलेल्यांच्या तोंडावर बसला, सगळ्यात जास्त माझ्या.

मी घरी जाऊन फोनसमोर बसलो. बायकोनं चहा दिला. शेवटी दादाचा फोन आला. "पोचलो. टाइमात. मेसवाल्याले सांगतलं, माही पोट्टी आहे, रोज येईन."

मला इतकं बरं वाटलं की मी चहा थंड झालेलाच पिऊन टाकला.

दोघं परत आले तेव्हा मी दारातच उभा होतो. "दादा, त्या अटीचं..."

"गाडीनं कुठं दगा देल्ला?" दादा म्हणाला. "काकानं देल्ला. अन् काका विकता येत नाही, कोनी घेत नाही."

त्याच दिवशी गाडीत पंधरा-चाळीस पडलं. मयुरीनं मला समजावूनही सांगितलं, की त्यात कोणी काही मिसळत नाही, ते तेल थंडीत पातळ राहतं आणि गरम झालं तरी अंग धरून राहतं. मी ऐकून घेतलं. आता तिच्याकडे दोन होस्टेलं आहेत, तिसऱ्याची बोलणी चालू आहेत. दादा रोज पहाटे तिच्याआधी कानटोपी घालून तयार असतो आणि भाटे दाबून दाबून पाहतो. गाडीच्या मागे पेंटरकडून ठळक अक्षरांत लिहून घेतलंय, 'डीज़ल काका का आशीर्वाद'. ते वाचून मला भरून आलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते दाखवत होतो.

पण स्वभावाला औषध नाही. मागच्या आठवड्यात मयुरी घरात जेवत होती, गाडी दारात उभी होती. म्हटलं, आशीर्वाद आपला आहे तर एक नजर टाकू. हळूच बोनट उघडलं, दांडी काढली. तेल काळंकुट्ट! नुकतंच घातलेलं नवं तेल, आणि डांबर झालेलं. फसवलं पोरीला. मी खिशातून फोन काढला, दुकानदाराला झापायला तोंड उघडलं, आणि सहज वर पाहिलं.

बोनटच्या आतल्या बाजूला, त्याच पेंटरच्या हातानं, त्याच ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'काका, डीज़ल में तेल काला होता ही है। बोनट बंद करो।'