खाणीवरची अक्का

लग्नाला महिनाही झाला नव्हता. बायकोला घेऊन मी अक्काच्या पाया पडायला गेलो आणि पहिल्याच दिवशी स्वतःचं हसं करून घेतलं. बाहेर बैल सोडून त्यांना पाणी दाखवत होतो, तोच आतून अक्काचा आवाज आला. आवाज कसला, फळीवरची भांडी थरथरावीत अशी गर्जना. आमची ही वैरागची, तिला कानडीचा गंध नाही. आणि अक्का अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलणारी. म्हटलं, संपलं! नव्या नवरीच्या हातून काहीतरी सांडलं, फुटलं, नासलं. नुकताच नवरा झालेला माणूस फार शूर असतो. मी तसाच आत धावलो आणि हात जोडून म्हणालो, “अक्का, चुकलं असेल तिचं. पोर आहे. पदरात घे.” अक्का माझ्याकडे बघतच राहिली. मग त्याच आवाजात म्हणाली, “काय चुकलं? आनि एक धपाटं घे म्हनलं तिला, त्यात चुकलं काय रं?” बायको तोंडात घास धरून भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. ती रडते आहे असं समजून मी आणखी दोन वाक्यं बोललो. ती इथे लिहीत नाही. घरात अजून पाहुण्यांना सांगितली जातात.

अक्का ही आईची चुलत बहीण. आई तिला अक्का म्हणायची म्हणून आम्ही भावंडं म्हणायला लागलो, आणि पुढे माझी मुलंही. तिचं गाव वळसंगच्या वाटेवर, रस्ता सोडून आत. कागदावर त्याला दुसरं नाव आहे, पण सोलापुरात सगळे त्याला ‘खाण’च म्हणत. काळ्या दगडाची खाण. रेल्वेचे पूल, गिरण्यांचे पाये, पेठेतले ओटे, किती ठिकाणी तिथला दगड गेला असेल! सकाळ-संध्याकाळ सुरुंगाचे बार उडायचे. बार ऐकून ऐकून अख्ख्या गावाचे कान बसले, आणि कान बसले की आवाज चढतो. त्या गावात नवरा-बायकोचं गूज वेशीपर्यंत ऐकू यायचं. गड्ड्याच्या जत्रेत दोन माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडताना दिसली आणि दोघांचे चेहरे हसरे असले, तर खुशाल समजावं, खाणीची आहेत.

जत्रेला अक्का आमच्याकडे उतरायची. तिला घेऊन पेठेतून चालणं म्हणजे दिव्य. दिसेल त्या भिंतीला हात लावून ती म्हणायची, “ह्यो आमचा.” चार पावलं गेलं की दुसरी भिंत. “ह्यो बी आमचा.” लोक थांबून बघायचे. माझं दुकान तिथलंच, किराण्याचं. ओळखीची माणसं हसायची. एकदा मी वैतागून विचारलं, “अगं, सगळेच दगड काळे. तुझे कुठले ते तुला काय कळतंय?” अक्का म्हणाली, “वळखायचं काय त्यात? आमच्याकडं एवढा मोठा खड्डा पडला, त्यातलं समदं कुटं तरी गेलंच असंल की.” त्या दिवसापासून मीही सोलापूर तिचं आहे असं धरून चाललो.

मानमोडीच्या साथीत तिचा नवरा गेला. मागे एकच मुलगा, सिद्राम. आठवतो तो. उंच, सावळा, आणि त्या गावाला न शोभेलसा हळू बोलणारा. अक्का त्याला ‘मुका’ म्हणायची. त्याने काही विचारलं की कानाला हात लावून ओरडायची, “काय? जोरात बोल की रं मुक्या!” तो हसायचा आणि पुन्हा तितकंच हळू बोलायचा. खाणीत तो सुरुंगासाठी भोकं पाडायच्या कामावर होता. लग्न ठरलं होतं, मुलगी करमाळ्याकडची.

एके दिवशी एक बार उडाला नाही. का उडाला नाही ते बघायला सिद्राम पुढे गेला, आणि पश्चिमेची सगळी दरड खाली आली.

गावानं दगड उपसायला सुरुवात केली. सोलापुरातून आम्ही गेलो, तेव्हा माणसं रात्रंदिवस पहारी मारत होती. एक दगड काढावा तर वरून दोन येत. वरच्या कड्याला चीर पडली होती, आणि खाली काम करणाऱ्यांच्या पाठीवर बारीक खडी गळत होती. कोणी थांबेना. सिद्रामच्या वयाचीच पोरं होती सगळी. अक्का काठावर बसून होती. एकाएकी ती उठली, पदर खोचला आणि तिच्या त्या आवाजात ओरडली, “बास करा! वर चीर पडलीया. आनि कुनाचं लेकरू नको त्यात. या वर समदी.” पोरं ऐकेनात, तेव्हा तिने एकेकाचं नाव घेऊन त्यांना वर बोलावलं. शेवटचा वर आल्यावर ती खाली बसली. तिच्याशेजारी माझी आई होती. आई सांगायची, अक्काने एवढंच विचारलं, “मी बराबर केलं का गं?”

आमच्यात मृताला मातीला देतात. सिद्रामचं तेही झालं नाही. सांत्वनाला येणारे त्यावरच हळहळत. अक्का त्यांना म्हणायची, “दिला की मातीला. देवानंच दिला. फकस्त माती जरा जड घातली.”

पुढे दगडाचं काम आटत गेलं. पूल बांधून झाले होते, सिमेंट आलं होतं. गुत्तेदाराने आधी गाड्या नेल्या, मग हत्यारं, मग तो स्वतःही यायचा बंद झाला. माणसं सोलापूरच्या गिरण्यांकडे लागली. दारांना कुलपं लागली, मग कुलपांसकट दारं गेली. मागे उरला तो खड्डा, त्याच्याकडेची थोडी घरं आणि अक्का. मी तिला आमच्याकडे राहायला बोलावलं. एकदा नव्हे, दर जत्रेला. तिचं उत्तर ठरलेलं, “मी आले तर त्याला कोन?”

दर सोमवारी ती खाणीत उतरायची. बेलाचं पान, विभूती आणि कोरभर भाकरी. दरडीच्या पायथ्याशी एक सपाट दगड होता, त्यावर ठेवायची. खारी येऊन ती भाकरी न्यायच्या. मी एकदा म्हटलं तसं, तर म्हणाली, “न्हेऊ देत. त्यो तरी कवा एकट्यानं खाल्लाय?”

सोलापुरात तीस साली मार्शल लॉ लागला, त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. गिरण्यांचे मालक माणसं कमी करू लागले होते. खाणीची माणसं गावाकडे परतायचं म्हणत होती, पण परतून प्यायचं काय? फाल्गुनातच विहिरीचा तळ दिसायचा. गावचे पाटील डोकेबाज माणूस. त्यांनी हिशेब मांडला: खाणीचं गाडीवाटेचं तोंड बुजवायचं, वरच्या अंगाचा ओढा चर खणून खाणीत वळवायचा. एका पावसाळ्यात तळं. तळं झालं की मोटा, मोटा आल्या की मळे, मळे झाले की माणसं. सगळं पटलं सगळ्यांना. एकच अडचण होती, आणि ती बोलून दाखवायला कोणी तयार नव्हतं.

म्हणून पाटील माझ्या दुकानात आले. गुळाच्या ढेपेवर टेकले आणि म्हणाले, “तुमी बोलनारे मानूस. तुमचा शबूद मोडायची न्हाय ती.” बोलणारा माणूस म्हटलं की मी विरघळतो, हे गुळालाही ठाऊक होतं. दोन दिवस मी मनाशी मुद्दे जुळवत होतो: गावाचं कल्याण, पुढची पिढी, पाण्याचं पुण्य. बायको म्हणाली, “भाषण पाठ झालं असेल तर जेवून घ्या.”

गेलो. गावात शिरतानाच चर दिसला. ओढ्यापासून खाणीच्या काठापर्यंत खणून तयार होता. खाणीचं तोंडही पक्कं बुजवलेलं. ओढ्याकडचा लहानसा बांध फोडायचा तेवढा राहिला होता. काम झकास झालंय, असं मी पाटलांना म्हणालोसुद्धा.

आणि मग दोन दिवस मी अक्काशी बाजरीचा भाव बोललो, शेळीचं दुखणं बोललो, माझी कंबर बोललो. भाषणातला एक शब्द ओठावर येईना. शेवटी भाकरी थापता थापता, धाकट्या भावाला मारावी तशी कानडी हाक मारत तीच म्हणाली, “तम्मा, पानी सोडायचं इचारायला आलायस नव्हं?”

मी चपापलो. “तुला कोणी सांगितलं?”

“पाटील कुजबुजला की पारावर. ह्या गावात कुजबुजलेलं वळसंगला ऐकू जातंय.”

मला हसू आलं. ती हसली नाही. भाकरी परतून म्हणाली, “सोमवार तेवढा होऊ दे. मंगळवारी सोडा.”

संपलं. माझं सगळं भाषण पोटातच राहिलं.

सोमवारी तिने मला बरोबर घेतलं. कडेच्या पायवाटेने आम्ही उतरलो. बेल, विभूती, भाकरी. मी मागे उभा राहिलो. अक्का त्या दगडापुढे बसली आणि बोलू लागली. मला एक अक्षरही ऐकू आलं नाही. मी दहा हातांवर होतो, खाणीत वारा नव्हता, पाखरू नव्हतं. आणि माझ्या जन्मात जिचं बोलणं घराबाहेर ऐकू आलं नाही असं झालं नव्हतं, ती अक्का ओठांतल्या ओठांत बोलत होती. सिद्राम बोलायचा तसं. पुष्कळ वेळ बोलली. मग गुडघ्याला हात देऊन उठली.

वाटेत मी विचारलं, “काय सांगितलंस?”

“पानी येनार हाय म्हनलं.” चार पावलं चढून ती थांबली. मला वाटलं, दम लागला. म्हणाली, “त्याला पवायला येत न्हवतं रं.”

मंगळवारी हलगी वाजली, बांध फुटला. पाटलांनी पहिला नारळ अक्काच्या हातून वाहिला. पाणी चरातून आलं आणि काठावरून खाली कोसळलं, तशी बायका ओरडल्या, पोरं नाचली. कोणीतरी चरातलं पाणी अक्काच्या ओंजळीत घातलं. ती प्यायली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “ग्वाड हाय.” त्या पावसाळ्यात खाण भरली.

पाटलांचा हिशेब चुकला नाही. पहिल्या वर्षी कांदा, मग मिरची, वांगी. मोटांची कुरकुर पहाटेपासून. गिरणीतली माणसं एकेक करून परतली. पडक्या भिंतींवर पुन्हा धाब्याची माती चढली. नव्या सुना आल्या, पोरं झाली. त्या पोरांच्या कानांनी बार ऐकलेच नव्हते, त्यामुळे ती चारचौघांसारखी बोलायची. अक्काची तक्रार असायची, “काय बोलत्यात कळंना. तोंडात मिठाची गुळणी धरल्यावानी!”

तिचा सोमवार मात्र मोडला. बेल घेऊन ती काठावर यायची आणि फिरत राहायची. खाली होती तोवर प्रत्येक दगड ओळखीचा. वरून सगळं पाणी सारखं. पान टाकावं तर वाऱ्यावर वाहत पलीकडे जाई आणि तिथल्या बायकांच्या घागरीला चिकटे. एका सोमवारी मी गेलो होतो. तिने माझं मनगट धरलं. “तम्मा, तुज्या डोळ्याला दिसतंय. कुटल्या कोपऱ्यात रं आपला?” मी बघितलं. कडा ढासळून काठ बदलला होता. मी उगाच एका बाजूला बोट दाखवलं. तिने तिकडे हात जोडले. मग म्हणाली, “तुलाबी ठावं न्हाय,” आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतर तिने कडू भोपळ्याचा वेल लावला. एक नाही, घराच्या चारी बाजूंना. भोपळे पिकवायची, छपरावर वाळवायची. आत बिया वाजू लागल्या की पोरांच्या बापांना गाठायची. “तुजा किती वर्साचा झाला? सात? मग ह्यो बांद त्याच्या कमरंला आनि टाक पान्यात.” कोणी म्हणे, रानात काम आहे. “रान कुटं पळून जातंय का?” आई रडू लागली तर तिलाही झापायची. काठावर बसून ती प्रत्येक पोराला पोहायला लावायची. आवाज असा की बुडणाराही दचकून वर यावा. भोपळा सोडून पोरगं खाण आरपार पोहून गेलं, म्हणजे मग त्याला घरी नेऊन धपाटं आणि लोणी. गावात सात-आठ वर्षांवरचं न पोहणारं पोर राहिलं नाही. मुलीसुद्धा.

गेल्या थंडीत ती तापाने पडली. बायको आधी गेली, मी दुकान सोडून मागून. आवाज बसला होता. तिच्या तोंडापाशी कान न्यावा लागला. शेजारणीला सांगत होती की भोपळ्याचं बी राखेत ठेवलंय, गाडग्यात, फेकू नका. तिसऱ्या दिवशी दुपारी गेली.

तिला वरच्या अंगाच्या माळावर मातीला दिलं. तिथून पाणी दिसतं. खाणीच्या गावात खड्डा खणणं सोपं नाही. हातभर मातीखाली काळा पाषाण. सिद्रामच्या वेळी दरडीतून ज्यांना तिने नावं घेऊन वर बोलावलं होतं, त्यांतले चौघे आता डोक्याला पांढरे झालेले, पहार घेऊन आले. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. तिन्हीसांजेपर्यंत पहारी वाजत होत्या.

सोलापुरात परतल्यावर भेटायला माणसं येत राहिली. मला सांगायला लागतंच आणि आवडतंही. मी सांगत होतो, गाव कसं अडलं होतं, मी कसा गेलो, आणि अक्का कशी एका शब्दात हो म्हणाली. पाहुणे माना डोलावून गेले. ही मघापासून दाराशी उभी होती.

“हो कधी म्हणाली ती?” म्हणाली. “चर आधीच खणून झाला होता. नाही म्हणायला तिला जागा कुठं ठेवली होती तुम्ही?”