पाच फूट पाच इंच

कुंडलच्या स्टँडवर मंगळवारी सकाळी बातमी अशी होती, की बादशहा मुलाणीनं सांगलीत जावयाच्या नव्या फ्लॅटमध्ये, भर दावतीत, भिंतीचा मुका घेतला आणि लगेच तिलाच चाकूनं भोसकलं. दुपारपर्यंत चाकूची कुऱ्हाड झाली. संध्याकाळी मनुबाईच्या ओट्यावर भिंतीची चक्क विहीण झाली आणि बादशहाला पोलीस घेऊनसुद्धा गेले. त्या वेळी बादशहा मनुबाईच्या घरासमोरच्या टपरीवर तंबाखू मळत उभा होता, पण त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. बातमी एवढी रंगात आलेली असताना माणूस मध्ये कशाला आणायचा?

तर खरं असं. दावत नव्हती, चहा आणि खारी होती. चाकू म्हणतात ती पट्टी, लांबी म्हणजे पुट्टी भरायची. ती बादशहाच्या खिशात बारा महिने असते, जसा दुसऱ्या कुणाच्या खिशात कंगवा. आणि मुका म्हणाल, तर त्यानं भिंतीला फक्त गाल लावला होता.

आता गाल का, तेही सांगायला पाहिजे. बादशहाचा धंदा सांगायला सोपा आणि दाखवायला अवघड. जिप्समचे बोर्ड दुसरे लोक ठोकतात. दोन बोर्डांमधली फट बादशहा बुजवतो. फटीत कंपाउंड, म्हणजे पुट्टीसारखा लगदा, भरायचं, त्यावर कागदी टेप बसवायची, टेपेखालची हवा पट्टीनं दाबत दाबत काढून टाकायची आणि वाळू द्यायचं. मग दुसरा हात, म्हणजे थर, पहिल्यापेक्षा रुंद, तिसरा त्याहून रुंद, आणि कडा इतक्या पातळ करत न्यायच्या की कुठं संपल्या ते पट्टीलासुद्धा कळू नये. शेवटी पॉलिश पेपर. सगळं झाल्यावर बल्ब भिंतीला चिकटवून आडवा धरायचा, कारण समोरच्या उजेडात कुठलीही भिंत शहाण्यासारखी वागते. आडव्या उजेडात जरा जरी सावली पडली की पुन्हा पेपर.

हे सत्तावीस वर्षं केल्यावर त्याचे तळहात असे झाले, की चुलीवरचा तवा तो फडक्याशिवाय उचलतो. त्या हातांना आता ओलं-सुकं कळत नाही. म्हणून गाल. ओलं कंपाउंड गालाला गार लागतं. कुणाच्याही घरी गेला की बादशहा आधी भिंतीला गाल लावणार, मग पाणी पिणार.

"सत्तावीस वर्सांत एवढ्यांदा माझ्या गालाला गाल लावला असता," अख्तरबी, म्हणजे त्याची बायको, चारचौघींत म्हणते, "तर मी बी गुळगुळीत दिसले असते."

एवढं करून नाव म्हणाल तर शून्य. मेढ्याच्या एका मंगल कार्यालयाचं छत त्यानं केलं, तिथल्या पावसाळी ओलीत तीन हात वाळवायला महिना घालवला. उद्घाटनाला लोकांनी झुंबर बघितलं, पडदे बघितले, रंगवाल्याला नारळ दिला. छताकडं माणूस मान वर करून बघतो तो भेग पडल्यावर. बादशहाच्या छताला भेग पडली नाही, म्हणून त्याला कुणी विचारलं नाही. गल्लीत आम्ही त्याला 'न दिसणारा मिस्त्री' म्हणायचो. तो हसायचा. आता वाटतं, तेवढं काही हसण्यासारखं नव्हतं.

आता मूळ गोष्ट. एकवीस सालच्या पुरानंतर वीरधवल नावाच्या एका कंत्राटदारानं त्याला टेम्पोत घालून सांगलीला नेलं. कृष्णा नदीकडच्या वस्तीतल्या तळमजल्यांच्या भिंती दोन पुरांचं पाणी प्यालेल्या होत्या, आणि प्रत्येक भिंतीवर पाणी जिथवर आलं तिथं मातकट रेघ. वीरधवलचा बेत सरळ होता: आत पत्र्याचे चॅनल मारायचे, वर बोर्ड, बोर्डावर रंग, रेघ गायब, मग गिऱ्हाईक.

"सायेब, ह्या भिती दोन म्हयनं तरी वाळू द्या," बादशहा म्हणाला.

"वाळंपातूर गिऱ्हाईक थांबतंय व्हय रं?" वीरधवल हसला. "भितीला थंडी वाजतीया. तिला स्वेटर घाल आन मोकळा हो."

बादशहानं घातला स्वेटर. एक नाही, अठरा फ्लॅटना. बोर्ड किती लागतील ते काढायला तो आधी भिंत मोजायचा, आणि मोजायची सवय अशी वाईट, की रेघेचंही माप घेऊन शेजारी सुतारी पेन्सिलीनं लिहून ठेवायचा. वीरधवलनं मागितलं नव्हतं, कुणीच मागितलं नव्हतं. मग त्यावर बोर्ड बसायचा आणि बादशहा फट बुजवायचा. ह्या घरात पुढं कोण राहायला येणार, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. अख्तरबीनं विचारलं तेव्हा म्हणाला, "माझं काम सांध्यापुरतं. भितीमागं काय हाय, ते मालकाचं."

चार वर्षं झाली. मुलगी सुमैरा लोणंदला तारिककडं दिलेली. तारिक एसी दुरुस्तीचं काम करतो, पोरगा कष्टाळू. सांगलीत जास्त काम मिळतं म्हणून दोघं तिकडं भाड्यानं राहायला गेली, आणि मागच्या महिन्यात त्यानं तळमजल्यावरचा एक फ्लॅट विकत घेतला. दोघांचं होतं नव्हतं ते सगळं त्यात गेलं. खरेदीखत होईपर्यंत सासऱ्याला कळू दिलं नाही. नजर लागेल म्हणून. लोणंदच्या माणसाला सांगलीचं पाणी काय ठाऊक? शेजाऱ्यांना विचारलं, तर सगळ्या गल्लीनं एकच सांगितलं: पूर कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत आला आणि तिथनंच मागं फिरला. जणू दळण टाकायलाच आला होता. शेजाऱ्यांनाही कधी ना कधी आपापले फ्लॅट विकायचेच होते, ते कशाला तोंड उघडतील.

रविवारी बादशहा आणि अख्तरबी घर बघायला गेले. गल्ली त्याला ओळखू आली नाही. टेम्पोच्या मागं बोर्डांमध्ये बसून आलेल्या माणसाला गल्ली काय दिसणार? दारात आता तोरण, आत निळा रंग, टीव्ही, सोफा. सुमैरानं चहा टाकला. बादशहानं आपल्या रीतीप्रमाणे भिंतीला गाल लावला.

खालच्या अंगाला भिंत गार लागली.

त्यानं बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं. पोकळ वाजलं, म्हणजे आत बोर्ड. बोर्ड चार फुटी असतो, तेव्हा कोपऱ्यापासून चार फुटांवर सांधा असणारच. तिथं त्यानं बोट फिरवलं, मग पुन्हा गाल फिरवला, मग तारिकच्या मोबाइलची बॅटरी भिंतीला चिकटवून आडवी धरली. सांधा सापडेना. दुसऱ्या कुणी केलेला सांधा बादशहाला सापडला नाही, असं सत्तावीस वर्षांत झालेलं नव्हतं. त्यानं बॅटरी विझवली. हे काम कुणाचं, ते त्याला कळलं.

"अब्बा, काय झालं?" सुमैरानं विचारलं.

"हितं पाणी आलंय, बाळ. पुराचं."

तारिक हसला. "आवं अब्बा, पाणी गिरणीच्या अलीकडं आलंच न्हाई. सगळी सांगत्यात. आन बघा की, भित कशी हाय. एक डाग दाखवा."

तोच तर घोळ होता. एक डाग दाखवता येत नव्हता, कारण तो दिसू नये म्हणून बादशहानं जीव ओतला होता. त्यानं दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. तारिकचं तोंड उतरायला लागलं. सासऱ्याला आपलं घर बघवत नाही, असा त्यानं अर्थ घेतला. "तुमच्या कुंडलात न्हाई ना असलं घर, म्हणून," असंही त्याच्या तोंडून गेलं. तेव्हा बादशहानं खिशातनं पट्टी काढली आणि कोपऱ्यापासून चार फुटांवर, जिथं सांधा सापडला नव्हता तिथंच, खुपसली. मनुबाईचा चाकू तो हा.

बोर्डाचा हातभर तुकडा निघाला. आत जुनी भिंत, पोपडे सुटलेली, आणि तिच्यावर डोक्याच्या उंचीला मातकट रेघ. रेघेच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं: पाणी ५ फूट ५ इंच.

बादशहाला रेघ तेवढी दाखवायची होती. पेन्सिल तो विसरून गेला होता. त्याचा पाच मुलखावेगळा. खालची शेपटी उलटी वळवून वर नेतो, की बघणाऱ्याला नऊ वाटावा. सुमैरा लहानपणी त्याच्याकडनंच अंक शिकली आणि त्या पाचापायी शाळेत रोज छडी खात आली. ती भिंतीजवळ गेली आणि त्या दोन पाचांवरनं बोट फिरवलं.

"अब्बा, ह्ये तुमचं हाय."

बादशहानं पट्टी पुसून खिशात घातली. चहा तसाच राहिला. येताना कुंडलपर्यंत एसटीत नवरा-बायको शेजारी बसून आले, आणि अख्तरबी सबंध वाट खिडकीकडं तोंड करून होती.

त्यानंतर सुमैराचा फोन यायचा तो आईलाच. बादशहानं हात पुढं केला, की तिकडनं फोन ठेवलेला असायचा. त्यानं कामावर जायचं सोडलं. टपरीवर उभा राहून तंबाखू मळायचा आणि ती खायचं विसरायचा. वीरधवलचा नंबर लावून बघितला, तर तो बंद. लागला असता तरी काय बोलणार होता? स्वेटर आपणच घातला होता.

शुक्रवारी तारिक आला. गाडीवर पुढं कंपाउंडची पिशवी, हँडलला टेपेचं रीळ अडकवलेलं. गल्लीतल्या सगळ्या दारांत अचानक झाडलोट निघाली. मनुबाई तर झाडलेलाच ओटा पुन्हा झाडायला लागली.

"अब्बा, झालं ते झालं," तारिक गाडीवरनं न उतरताच म्हणाला. "गिऱ्हाईक बघितलंय. डोळं झाकून घेत्यात. नवंच लग्न झालंय, मेढ्याकडची हायती. सांगलीचं त्यास्नी काय ठाव न्हाई."

"तुमास्नी बी ठाव नव्हतं," बादशहा म्हणाला.

"तेच म्हणतोय की. तुमी तेवढा तुकडा बसवा. दुसरा मिस्त्री आणला हुता, त्याचा सांधा लांबनं दिसतोय." तारिकचा आवाज जरा खाली आला. "तुमच्यासारखं कुणाला जमत न्हाई, अब्बा."

सत्तावीस वर्षांत बादशहाच्या कामाचं असं कुणी तोंडावर कौतुक केलेलं नव्हतं. झालं ते हे, आणि ह्यासाठी.

अख्तरबी दारात आली. पदर तोंडाला लावलेला. "अवं, लेक घरात धड जेवत न्हाई. यंदा पाऊस लय सांगितलाय. एकदा करून टाका. पोरीसाठी."

बादशहानं रीळ हातात घेतलं. टेप थोडी उलगडून बोटांनी चाचपली. कागद चांगला होता, महागातला. त्यानं ती पुन्हा नीट गुंडाळली, रीळ हँडलला होतं तसं अडकवलं आणि मनुबाईच्या ओट्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बुजवतो की, जावईबापू. आधी किस्नेला जाऊन इचारून या, पाच फूट पाच इंच ती इसरली का म्हणून. व्हय म्हणाली, तर पट्टी घिऊन आत्ता येतो."