भावानं वाजवलेलं दार

लोरेटा माझी धाकटी बहीण. अख्ख्या ओक्लाहोमात असल्या हिमतीची दुसरी बाई दाखवाच कुणी!

नवरा सोडून गेल्यापासून ती आणि लेक टॅमी ट्रेलरच्या, म्हणजे पातळ भिंतींच्या फिरत्या घरात राहतात. शेजारी चोर शिरले, तेव्हा मीच तिला बंदुकीच्या दुकानात नेलं.

"ही मोठी घे. गोळी भरतानाच्या नुसत्या खटक्याच्या आवाजानं चोर पळेल."

"आणि नाही पळाला तर, दादा? भिंतीपलीकडे टॅमी झोपते."

दुकानदार म्हणाला, "ट्रेलरची भिंत म्हणजे पुठ्ठाच. कुठलीही गोळी आरपार जाईल, ताई."

तिनं खांद्याला झेपेल अशी हलकी बंदूक घेतली. घरी येऊन टॅमीचा पलंग आधी आपल्या खोलीत ओढला.

"आता तूही दार वाजवून येत जा."

"भावानं दार वाजवायचं? आपल्या घरात?"

दुसऱ्याच दिवशी सकाळी ती कॉफी करत होती आणि दाराची मूठ हलली. तिनं बंदूक उचलून गोळी भरायचा खटका मागेपुढे ओढला.

"कोण? बोल!"

बाहेरून नुसतं गुरगुरणं. तिनं नळी खाली धरली, चापावर बोट नेलंच नाही आणि पडदा सारला. बाहेर मी होतो. दोन्ही हातांत नाश्त्याच्या पिशव्या, दातांत गाडीची किल्ली.

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि दार वाजवलं.