मावशीला दिलेला होकार

सुकटीचा वास आला की घिवली गावातली आमची शेजारीण मावशी आठवते. माझ्या पीएचडीच्या संशोधनात, समोरच्याचा चेहरा पाहताना मेंदूत काय घडतं, हे आम्ही एमआरआयमध्ये तपासत होतो. तिच्या मुलाला स्किझोफ्रेनिया होता, आणि गावातला शिकलेला पोरगा म्हणून माझ्या शब्दावर ती त्याला स्कॅनसाठी घेऊन आली. तो मशीनमध्ये जाईना. "यानं बरा होल ना, बाला?" तिनं विचारलं. हा उपचार नव्हता, तरी मी "हो" म्हणालो. तिनं समजावल्यावर तो निमूट आडवा झाला. पुढे बोईसरच्या बाजारात सुकट विकताना ती हसून म्हणाली, "त्याच्या गोल्या बंद केल्या." मी हादरलो, खरं काय ते सांगितलं, गोळ्या लगेच सुरू करायला लावल्या. "मंग तवा हो कशाला बोललास?" एवढंच ती म्हणाली. स्कॅनच्या दिवशी तो जराही हलला नव्हता, म्हणून त्याचा स्कॅन सर्वांत स्पष्ट आला. आज तो स्कॅन माझ्या प्रबंधात आहे.