सातव्या रांगेची सही

आमच्या कापूस संशोधन केंद्राच्या एका जुन्या नोंदवहीत सातव्या रांगेपुढे एक सही आहे. ती रांग ज्याच्या हाताची होती, त्याची ती सही नव्हे. रांग माझ्या हाताची होती. हे मी त्याच वेळी सांगायला हवं होतं.

केंद्र यवतमाळहून कळंबला जाणाऱ्या रस्त्यावर होतं आणि मी तिथला प्रमुख. जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. नागपूरला जाणारे आमचे कागद आता मुंबईला जायचे आणि तिथेच बराच काळ पडून राहायचे. त्याच सुमारास आमच्याकडे एक तरुण आला. वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला, आणि त्यानंतरच्या संशोधनासाठी शिष्यवृत्तीवर नेमलेला. मी स्वतः एम.एस्सी.वर थांबलेला. ही गोष्ट मला रोज टोचायची, हेही आज कबूल करतो.

शिष्यवृत्ती एका वर्षाची. ती पुढे चालू राहायची तर माझी शिफारस लागायची. रजा नाही, क्वार्टर नाही. सरकी ठेवायच्या गोदामाला लागून टिनाची एक खोली होती, तिथे ते राहायचे. केंद्रावर कायम पद एकच निघणार होतं आणि ते त्यांना मिळेल असं सगळेच धरून चालले होते. मुलीकडच्यांनीही तेच धरलं होतं. पद कायम झालं की साखरपुडा, असं ठरलेलं.

सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे. शेतावर कामाला येणारी तांड्यावरची एक बाई पहिल्याच आठवड्यात लेकराला घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली.

"डाक्टर, पोराले ताप हाये, पाहा ना."

"बाई, मी माणसांचा डॉक्टर नाही. कापसाचा आहे."

"मंग कापसाले ताप येते का?"

ते खळखळून हसले आणि लेकराला स्वतःच्या सायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेले. पुढे हीच बाई त्यांच्या हाताखाली सगळ्यांत तयार झाली.

काम नाजूक होतं. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या आणि आतले पुंकेसर सोलून काढायचे, वर कागदाची नळी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर लावायचे आणि लाल दोरा बांधायचा. एखादा पुंकेसर जरी राहिला तरी कळी आपल्याच परागाने फळते आणि संकर फुकट जातो. म्हणून हंगामात बाया आणि डॉक्टर उजव्या अंगठ्याचं नख वाढवत. माझं नख कापलेलं असायचं. सही करणाऱ्याला नख कशाला?

पोळ्याच्या दिवशी बाया आल्या नाहीत. फक्त तांड्यावरची ती आली. कळ्या तर थांबणार नव्हत्या. डॉक्टर आणि ती, दोघंच रांगेमागून रांग काढत होते. मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हणालो, "सातवी मी घेतो."

"साहेब, राहू द्या. मी करतो."

"का? आम्ही काय कधी कळ्या सोलल्याच नाहीत?"

ते बाजूला झाले. मी रांगेत शिरलो. बोथट नखाने पाकळ्या निघत, पण तळाचे पुंकेसर तसेच राहत. भिंग खिशात होतं. ते काढून पाहिलं असतं तर दिसलं असतं, म्हणूनच मी काढलं नाही. घरी पुरणपोळी होती, पाहुणे होते. भराभर नळ्या घातल्या आणि निघालो. साहेबाने हाताने केलेलं काम वहीत साहेबाच्या नावावर लिहायचं नाही, अशी आमच्याकडे रीत होती. साहेब मातीत हात घालतात असं कागदावर दिसणं बरं नव्हे. त्या रीतीप्रमाणे डॉक्टरांनी सातव्या रांगेपुढे आपली सही केली.

शिष्यवृत्तीला वर्षाची मुदतवाढ मिळाली आणि पुढच्या हंगामात ते बी पेरलं. बापाकडच्या वाणाची पानं लालसर होती, तेव्हा संकराच्या झाडांत ती लाली उतरायलाच हवी. सगळ्या रांगा लालसर झाल्या. सातवी मात्र हिरवीगार. नेमके त्याच दिवसांत वरचे अधिकारी तपासणीला आले. रांगेपुढे थांबले आणि हसले.

"हा कसला संकर? ही तर सगळी आईचीच लेकरं! ही रांग कोणाची?"

वही उघडली गेली. डॉक्टरांनी स्वतःची सही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी रांगेकडे पाहत राहिलो. ते म्हणाले, "माझी देखरेख कमी पडली, सर."

बाजूला निंदण करणारी ती बाई उभी राहिली. "सायेब, हे रांग तं तुमीच केली होती ना, पोळ्याच्या दिशी?"

"तू आपलं काम कर," मी म्हणालो.

अधिकाऱ्यांनी ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. महिन्याभरात कायम पदासाठी माझा गोपनीय अभिप्राय मागवला गेला. मी लिहिलं: 'विद्वान आहेत, परंतु प्रत्यक्ष कामात काटेकोरपणा कमी.' वाक्य जमलं म्हणून मला तेव्हा बरं वाटलं होतं. पद बाहेरच्या एका माणसाला मिळालं. शिष्यवृत्तीही पुढे चालू राहिली नाही. डॉक्टर एका ट्रंकेनिशी बसमध्ये चढले. साखरपुड्याचं काय झालं ते मी विचारलं नाही.

सहा-सात वर्षांनी कामासाठी उमरखेडला गेलो होतो. तिथल्या एका शाळेत ते विज्ञान शिकवत होते. मला पाहताच बाहेर आले, 'साहेब' अशी हाक मारली, चहा मागवला. केंद्राची चौकशी केली. त्या बाईचीही केली. शेवटी मीच विषय काढला.

"ती सातवी रांग..."

"मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, साहेब. सकाळी नळ्या काढल्या तर आत पराग सांडलेले दिसले."

"मग तेव्हाच त्या कळ्या तोडून का नाही टाकल्या?"

त्यांनी कप खाली ठेवला. आवाजात राग नव्हता. "तोडल्या असत्या तर तुम्ही विचारलं असतं, का तोडल्या? आणि मुदतवाढीचा कागद तेव्हा तुमच्या टेबलावर होता."

मी तेव्हाही माफी मागितली नाही. बस सुटेल म्हणून उठलो. ते मला फाटकापर्यंत सोडायला आले.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो होतो की एका दुपारच्या घाईत चूक झाली. पण चूक पोळ्याच्या दुपारी झालीच नव्हती. ज्याच्या वर्षाची दोरी माझ्या हातात होती, त्याला माझी चूक मला दाखवण्याची सोय मी ठेवली नव्हती. जाणता माणूस सडलेलं काम डोळ्यांदेखत पाहत होता आणि त्यावर इमानाने लाल दोरे बांधत होता, ते माझ्या भीतीने.

ते आता नाहीत. वही कुठे असेल ठाऊक नाही. कोणाला सापडलीच, तर सातव्या रांगेपुढची सही खोडावी आणि तिथे केंद्रप्रमुख असं लिहावं. भिंग खिशात होतं, हेही लिहावं.