दोन पहिले डोस आणि पारगावचा पूल

दिनांक २५ ऑक्टोबर २०२१, वार सोमवार. रक्कम रुपये चौऱ्याण्णव हजार सहाशे. हजर: मी, माझी पत्नी मंदा आणि दौंड स्टेशनजवळच्या तिकीट एजंटच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी मुलगी. तिकीट मंदाच्या एकटीचं, सत्तावीस नोव्हेंबरचं, मुंबईहून अमेरिकेला. स्वस्तातलं होतं, म्हणजे रद्द केलं तर परत काही मिळणार नव्हतं.

लेक तिकडं नवऱ्याबरोबर असते. पहिलं बाळंतपण, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख, त्यात रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं आणि जावयाला कामावर जाणं भाग होतं. फोनवर ती सगळं हसत हसत सांगायची. एकदाच म्हणाली, "आई, तू ये गं." त्यानंतर मंदा दोन दिवस नीट जेवली नाही. व्हिसा आधीच काढून ठेवलेला होता; महामारीमुळे तो तसाच पडून होता. आता नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून तिकडच्या सरकारचा नवा नियम लागू होणार होता. बाहेरून येणाऱ्याचे लसीचे दोन्ही डोस झालेले हवेत, शेवटच्या डोसाला चौदा दिवस उलटलेले हवेत आणि निघण्याआधी तीन दिवसांच्या आतला चाचणीचा अहवाल हवा. यातलं एक जरी कमी असलं तरी विमानात बसू देत नव्हते.

मला या नियमाची भीती वाटली नाही, उलट बरं वाटलं. रेल्वेच्या मालधक्क्यावर अठ्ठावीस वर्षं मी पावत्या आणि वजनं तपासत आलो आहे. कागद पुरा असला की गाडी सुटते, हा माझा धर्म. देवाच्या बाबतीतही तसंच. मंदा रोज देवघरातल्या खंडोबाच्या टाकापुढं दिवा लावते आणि काही न बोलता थोडा वेळ बसते. मी नमस्कार करतो, पण नवस कधी बोललो नाही. जे आपल्याला मोजता येत नाही त्याचा करार करू नये, असं माझं मत होतं.

सोळा नोव्हेंबरला कागदांची फाईल घेऊन एजंटकडे गेलो. त्या मुलीनं लसीचं प्रमाणपत्र पाहिलं आणि हळूच म्हणाली, "काका, हे पहिल्या डोसाचं आहे."

मी म्हणालो, "दोन झालेत. एप्रिलमध्ये एक आणि जुलैमध्ये एक."

"झाले असतील. पण यावर पहिला डोस असंच लिहिलंय. बघा ना."

मी पाहिलं. सगळ्यात वरच्या ओळीतच होतं. जुलैपासून तो कागद मी चार वेळा तपासला होता. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर, लसीचा बॅच नंबर, सगळं बरोबर होतं. मी जे लिहून दिलं होतं तेवढंच तपासलं होतं. जे दुसऱ्यानं लिहिलं होतं ते वाचलंच नव्हतं.

चूक कुणाची, हे मला त्याच खुर्चीत कळलं. एप्रिलमध्ये मंदा माहेरी, इनामगावला होती. गावच्या शाळेत लसीचं शिबिर लागलं होतं. तिचा मोबाईल भावाच्या घरी राहिला होता आणि नोंदणीला मोबाईल नंबर तर हवाच. एका नंबरावर चौघांची नावं बसतात, म्हणून रांगेत पुढं उभ्या असलेल्या एका मेंढपाळानं सांगितलं, "माझा लिव्हा. एकाचं काय आन् चौघांचं काय." तशी तिची नोंद झाली. घरी आल्यावर मला ते समजलं तेव्हा मी तिला बोललो. अनोळखी माणसाच्या नंबरावर सरकारी नोंद ठेवतात का? म्हणून जुलैमध्ये दौंडला दुसऱ्या डोसाच्या वेळी मी माझ्या मोबाईलवर, पासपोर्टसकट, नव्यानं स्वच्छ नोंद केली. पोर्टलनं काय केलं? नवी नोंद, नवं माणूस, पहिला डोस. मंदाच्या दंडाला दोन सुया लागल्या आणि सरकारदरबारी दोन अर्ध्या मंदा तयार झाल्या.

दोन्ही नोंदी एकत्र करायची सोय पोर्टलवर होती. त्यासाठी दोन्ही मोबाईलवर येणारा ओटीपी हवा. एक मोबाईल माझ्या खिशात होता, दुसरा त्या मेंढपाळाकडे. ती मुलगी म्हणाली, "आणखी एक डोस घेऊन टाका ना काका, याच्यावर दुसरा म्हणून चढेल." मी बोटांवर मोजलं. शेवटच्या डोसानंतर चौदा दिवस हवेत, शिल्लक होते अकरा. मोजून झाल्यावर मला लाज वाटली, कारण दिवस पुरले असते तर तिसरी सुई दुसरी म्हणून टोचून घ्यायला मी मंदाला सांगितलं असतं.

घरी येऊन मंदाला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. "माणूस चांगला होता तो," एवढंच म्हणाली. "सापडंल." मग दिव्याची वात सारखी करत बसली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

एसटीचा संप चालू होता. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलनं इनामगावला गेलो. तिथल्या आरोग्यसेविका ताई मला मेव्हण्यामुळे ओळखत होत्या. त्यांनी कपाटातून एक जाड वही काढली. पोर्टल असूनही त्यांनी प्रत्येक माणसाची नोंद हातानं ठेवली होती: नाव, वय, कुठल्या कुपीतली लस, किती वाजता, कुठल्या हातात. एकाही पानावर खाडाखोड नाही. मी माझ्या नोकरीत अशी वही पाहिलेली नाही, माझी स्वतःची धरून. मंदाच्या नावापुढं नंबर होता आणि नंबराच्या मालकाचं नाव, सखाराम.

ताई म्हणाल्या, "पाहुणे, या नंबरावर मीच चार वेळा फोन केलाय, त्यांच्या दुसऱ्या डोसासाठी. बंद लागतो. आणि आता तर दिवाळी झाली, कोकणाच्या वाटेला लागले ते. चार दिवस झाले, घोडनदीच्या काठावरून तळ हलला."

"कुठल्या रस्त्यानं गेले?"

"ते कोण सांगणार? ज्या शेतकऱ्याला खतासाठी रानात मेंढरं बसवायची असतात तो बोलावतो, तिकडं वळतात."

तो दिवस आणि पुढचा दिवस मी शिरूरच्या बाजूला फिरलो. तिसऱ्या दिवशी कुणी म्हणालं पाबळकडे एक कळप दिसला, म्हणून पाबळ गाठलं. कळप होता, पण दुसऱ्याचा. तिथून शिक्रापूर, न्हावरे करत दौंडला परत निघालो. त्या वाटेवर मी मनातल्या मनात सगळं जुळवत होतो. लेकीला काय सांगायचं, तिथं एखादी बाई ठेवायला काय पडेल, विमान कंपनीला अर्ज कसा लिहायचा. एकही गोष्ट जुळत नव्हती. लेकीला सांगायचं पहिलं वाक्यसुद्धा तयार होत नव्हतं.

पारगावच्या अलीकडे, भीमेच्या पुलावर रस्ता बंद होता. मेंढरंच मेंढरं. मी हॉर्न दाबला, पुन्हा दाबला, मग दाबूनच धरला. पुढं घोड्याचा लगाम धरून चाललेली एक वयस्क बाई थांबून मागं आली.

"हारन नगा वाजवू भाऊ. गाभण्या हायत्या. दचकल्या तर गाभडत्यात."

तिचा आवाज चढला नव्हता. माझा हात आपोआप खाली आला आणि मी गाडी बंद केली. तीन दिवसांत पहिल्यांदाच आवाज थांबला होता. खाली भीमेचं पाणी, भोवती मेंढरांच्या अंगाचा उबट वास, आणि मला पुढंही जाता येत नव्हतं, मागंही. मी हँडलवर कपाळ टेकवलं आणि मनात म्हणालो, देवा, माझ्यानं आता होत नाही. तुझं तू बघ. हा नवस नव्हता. त्या बदल्यात मी काहीच देऊ केलं नव्हतं. द्यायला काही सुचलंही नाही.

डोकं वर केलं तेव्हा ती बाई तिथंच होती. "पाव्हणं, चक्कर आली का काय?" म्हणून विचारत होती. मग मी बोललो. इनामगाव, शाळा, लस, सखाराम. ती ऐकत राहिली, मग कळपाच्या पुढच्या टोकाकडे बघून तिनं हाळी दिली, "आवं, थांबा. तुमाला सरकारी मानूस हुडकतंय."

मी हे जसं घडलं तसं लिहिलं आहे. त्या दिवशी त्या रस्त्यानं किती कळप गेले असतील, मला माहीत नाही. कुणाला योगायोग म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही.

सखाराम आबा सत्तरीकडे झुकलेले, डोक्याला लाल पटका, अंगावर घोंगडी. त्यांना मंदा आठवत होती. "दोनदा देव भलं करो म्हनाली ती बाय. एका नंबरापायी." फोन घोड्यावरच्या बिऱ्हाडात, बाजरीच्या पिठाच्या डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता. बॅटरी मेलेली. मी म्हणालो, "आबा, फोन बंद का ठेवता?" तेव्हा त्यांची बायको चांगुणाबाई मध्येच बोलली, "चालू ठिवून काय करायचं? मेंढरं फोन करत्यात व्हय?"

पुलापलीकडच्या एका मोकळ्या रानात कळप थांबवला. आबांना मागं बसवून मी पारगावातल्या मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानदारानं फोन चार्जिंगला लावला, नंबर तपासला आणि म्हणाला, "नव्वद दिवस रिचार्ज नसलं की नंबर जातो. यांचे एक्क्याऐंशी झालेत." नऊ दिवस. आणखी नऊ दिवसांनी तो नंबर कुणा तिसऱ्याचा झाला असता आणि मग जगातल्या कुठल्याही मेंढपाळाचा उपयोग नव्हता.

फोन चार्ज होईपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर चहा घेतला. बोलायचं म्हणून मी विचारलं, "आबा, मेंढरं किती आहेत?"

"मोजत न्हाई आमी. मोजली की कमी व्हत्यात, आसं आमचा आजा म्हनायचा."

"मग एखादं चुकलं तर कळतं कसं?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "तेची आय वरडती की."

मी चहा खाली ठेवला. तीन आठवडे मी दिवस मोजत होतो, कागद मोजत होतो. घरात एक आई न जेवता बसली होती आणि तिच्या त्या गप्प बसण्यालाच हाक म्हणतात, हे मला कळलं नव्हतं. ती हाक ज्यानं ऐकायची त्यानं ती ऐकली असावी. मी मध्ये हॉर्न वाजवत होतो, एवढंच.

ओटीपी आला. आबांना वाचता येत नव्हतं, मी आकडे वाचले. ते म्हणाले, "आयुष्यात पयल्यांदा सरकारनं मला निरोप धाडला, आन् त्यो बी दुसऱ्याच्या कामाचा." आम्ही दोघं हसलो. पडद्यावर चार नावं उघडली: सखाराम, चांगुणाबाई, इनामगावच्या एक आजीबाई आणि मंदा. दोन्ही नोंदी एकत्र करायची विनंती मी तिथंच पाठवली. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की आबांचा आणि चांगुणाबाईंचा दुसरा डोस चार महिने राहून गेला होता. विचारलं तर म्हणाले, कोकरं विकायला बाजारात गेलं की दोन डोसांचा कागद मागतात, नसला तर दारातूनच परत. कसा मिळवायचा ते माहीत नव्हतं आणि कुणाला विचारलंही नव्हतं. स्वतःचं अडलेलं असताना हा माणूस अर्धा दिवस माझ्यासाठी थांबला होता, आणि त्याबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेलो. जवळच्या आरोग्य केंद्रात आधी आबांना नेलं, मग चांगुणाबाईंना. एकानं मेंढरांपाशी राहायचं. या वेळी नोंद त्याच जुन्या नंबरावर केली आणि कागदाची पहिली ओळ मी सगळ्यात आधी वाचली. आजीबाईंचं नाव इनामगावच्या ताईंना फोनवर कळवलं. त्या म्हणाल्या, "त्यांचा दुसरा झालाय पाहुणे, वहीत आहे. पोर्टलवर चढवायचा राहिला असेल, चढवते."

तेवीस तारखेला मंदाचं प्रमाणपत्र आलं. वर लिहिलं होतं, दोन्ही डोस पूर्ण. सत्तावीसला विमानतळाच्या काउंटरवर त्या कागदाकडे अर्धा मिनिटही कुणी पाहिलं नाही. तीन डिसेंबरला, दिलेल्या तारखेच्या आठ दिवस आधी, लेक बाळंत झाली. मुलगी. मंदा तेव्हा तिच्या उशाशी होती.

मी अजूनही नवस बोलत नाही. पावत्या अजून तपासतो, तपासायलाच हव्यात. इनामगावच्या ताईंनी तशी वही ठेवली नसती तर मला नाव कुठून मिळालं असतं? पण आपलं मोजमाप जिथं संपतं तिथं रस्ताही संपतो, असं आता मला वाटत नाही. मंदा परत येईपर्यंत दिवा मी लावत होतो. लावून थोडा वेळ बसत होतो, काही न बोलता.

त्या दिवशी पारगावहून निघताना मी आबांपुढं पाच हजारांचं पाकीट धरलं होतं. त्यांनी ते हातानं मागं सारलं. "नंबर हुता, दिला. त्येचं कसलं पैसं? लेकीला सुखरूप सुटू द्या." म्हणून प्रत्यक्ष दिलेली रक्कम अशी: रिचार्जचे एकोणऐंशी रुपये आणि आबा व चांगुणाबाई यांच्या दोन प्रमाणपत्रांच्या लॅमिनेशनचे चाळीस, दोन्ही पारगावच्या मोबाईल दुकानदाराला; दोन चहाचे वीस, शेजारच्या टपरीला. सखाराम आबांना काही नाही.