वायरच्या टोकाचं टोपण

डहाणू रोडला आमचं औषधांचं होलसेल दुकान होतं. पुढे काउंटर, मध्ये दादाची केबिन, मागे गोदाम आणि त्याला लागून आमचं घर. काउंटरवरून औषध आहे म्हणून सांगावं आणि गोदामात ते संपलेलं असावं, हे रोजचंच रडगाणं. तलासरीचे एक डॉक्टर त्यापायी पुन्हा पुन्हा रिकाम्या हाताने परत गेले, तेव्हा मी हट्टालाच पेटलो. मुंबईहून तीन जुने कॉम्प्युटर आणले आणि एकाच काळ्या वायरने एकमेकांना जोडले. स्वस्तातलं काम. वायरच्या दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढं धातूचं टोपण. त्यातलं एक जरी निघालं, तरी तिन्ही मशीनचं एकमेकांशी बोलणं बंद.

दादा एका अटीवर राजी झाला होता. दिवाळीपर्यंत चाललं तर ठीक. एकदा जरी बंद पडलं, तर पुन्हा वह्या सुरू आणि मी वापीला, मामांच्या कारखान्यात. दादा एकदा बोलला की बोलला. डहाणू सोडून मी कधी कुठे राहिलो नव्हतो.

मग काय, भीतीने माझी पार वाट लागली. लाइट गेली की आधी मशीनकडे धाव. गोदामात उंदीर खुडबुडला की ताटावरून उठायचो, मेल्याने वायर कुरतडली की काय म्हणून. शेजारचे गुजराती व्यापारी 'कॉम्प्युटरवाळो' म्हणून चिडवायचे. मी हसायचो, पण आतून टरकलेलोच. आई रोज विचारायची, चालतंय ना रे? एकदा वैतागून मी तिला गोदामातल्या मशीनमागचं टोपण दाखवलं आणि म्हटलं, हे जागेवर आहे तोवर मी घरात आहे असं समज. तिने ते बोटांनी चाचपून पाहिलं.

दसऱ्याला दुकानातली कात्री, कुलपं, अडकित्ता, सगळं घासून पुजायची आमच्याकडे रीत. त्या सकाळी पूजेआधीच कैनाडच्या दवाखान्याचा निरोप आला, सलाइन तातडीने हवं. मी काउंटरवर बसलो, तर पडद्यावर गोदामाचा माल दिसेना. केबिनमधून दादाही विचारायला लागला, इथेही काही दिसत नाही, काय झालं? मी वायर चाचपत गोदामापर्यंत गेलो, गुडघे टेकून मशीनमागे हात घातला. टोपण नव्हतं. दादा माझ्या पाठीशी येऊन उभा राहिला होता. आता संपलं, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात आई घराच्या दारातून ताम्हन घेऊन आली. चिंचेने घासलेली निरांजनं, घंटा, कात्री आणि मधोमध ते टोपण, लखलखीत, कुंकू लावलेलं. माझा चेहरा बघून ती थबकली.

"सगळ्यात आधी हेच घासलं," ती म्हणाली. "तुला घरी ठेवणारं हेच ना?"

दादाकडे बघायची हिंमत होत नव्हती. त्याने ताम्हनातून टोपण उचललं, सदऱ्याला पुसलं, फुंकर मारून आतलं पाणी उडवलं आणि मला बाजूला सरायला सांगून स्वतः वाकून ते बसवलं. मी पुढे धावत जाऊन बघून आलो. माल दिसत होता. पण परत आलो तेव्हाही डोक्यात तेच, अट ती अट.

"बंद कुठे पडलं?" दादा आईकडे बघत म्हणाला. "पूजेला काढलं होतं."